कॉन्टेसा की फियाट: पनवेल-रोडपालीच्या टापूत जुन्या गाड्यांची घडण

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेले दांडगे इंजिन, लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांचा जोर. १९६४ साली अमेरिकेत पॉन्टियाक जीटीओ आली आणि हा प्रकार तिकडे रूढ झाला. तिचे इंजिन ६.४ लिटरचे, ताकद ३२५ अश्वशक्ती. त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. महाराष्ट्रातल्या एखाद्या घराने जुनी गाडी नव्याने घडवायची ठरवली, की याच दोन टोकांमध्ये ओढाताण सुरू होते. मनात असते लांब बॉनेटची गाडी. आसपासच्या मिस्त्रींच्या हाताला सवय असते कुर्ल्याच्या गाडीची. ही सवय कशी लागली, हे ठाऊक असले तर निवड सोपी होते.

मुंबईला अमेरिकी गाड्या नवीन नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि तिथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडत. सुटे भाग बोटीने यायचे, इथे फक्त ते जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. जे कारखाने गाडीचे भाग देशातच बनवायला तयार नाहीत, त्यांना नुसत्या जुळणीवर इथे राहता येणार नाही असे ठरले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम बंद केले. म्हणजे अमेरिकेत मसल कारचा जमाना सुरू होण्याच्या दहा वर्षे आधीच तिकडच्या गाड्यांचा इथला मुख्य दरवाजा बंद झाला होता. पुढे आलेल्या शेव्हरोले इम्पालासारख्या गाड्या आयातीवरच्या जबर करामुळे सिनेनट आणि मोठे व्यापारी यांच्यापुरत्याच राहिल्या. साध्या घरांना त्या रस्त्यावर पाहायला मिळाल्या, एवढेच.

मैदानात उरले ते देशी कारखानदार. त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद हे नाव महाराष्ट्राला जवळचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात छोट्या फियाट कुर्ल्यातून निघू लागल्या. त्यांतली १९५४ च्या सुमाराची गोलमटोल ११०० मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. फुगीर मडगार्ड आणि पुढे आलेले नाकाड पाहिले की नावाचे कारण कळते, आणि त्या नावात तुच्छता अजिबात नाही. आजही कुणी ‘आमच्याकडे डुक्कर होती’ म्हणतो तेव्हा आवाजात अभिमान असतो. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा आवृत्त्या आल्या आणि १९६४ मध्ये ११०० डी आली. १९७० च्या दशकात तिला आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. कारखान्याची खूण म्हणून कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव शिल्लक आहे.

लांब बॉनेटची देशी गाडी यायला १९८४ उजाडावे लागले. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे कॉन्टेसा काढली. तिचा सांगाडा ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७२ च्या व्हिक्टर मालिकेचा. तिकडे ती गाडी बंद झाल्यावर तिचे साचे आणि हत्यारे इथे आणली गेली. चेहरा रुबाबदार होता, पण पोटात कंपनीच्या अॅम्बॅसडर गाडीचेच १,४८९ सीसीचे जुने इंजिन होते. एवढ्या जड गाडीला त्याची ५० च्या आसपासची अश्वशक्ती अगदीच अपुरी पडे. चढाला गाडी धापा टाके. मग जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून कॉन्टेसा क्लासिक आली. ८८ अश्वशक्तीची ही कॉन्टेसा मात्र पळू लागली. मागच्या चाकांवर चालणारी, लांब, रुंद आणि खालून जमिनीला बिलगलेली गाडी त्या काळच्या भारतीय रस्त्यावर विरळाच होती. मंत्री, साखर कारखान्यांचे अध्यक्ष, बिल्डर यांच्या दारात ती दिसू लागली. भारतातली मसल कार हे नाव तिला लोकांनी दिले आणि ते तिला शोभते, कारण ताकदीइतकेच या जातीचे वैभव बांध्यात असते. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. कमी पेट्रोल खाणाऱ्या, वातानुकूलित गाड्या मिळू लागल्या आणि कॉन्टेसा मागे पडत गेली. २००२ मध्ये ती बंद झाली.

तेव्हाच्या स्पर्धक गाड्यांचे फारसे सांगण्यासारखे नाही. मद्रासची स्टँडर्ड २००० दिसायला देखणी होती, पण तीन-चार वर्षांतच संपली. कुर्ल्याची ११८ एनई फियाट १२४ च्या पत्र्यात निसानचे इंजिन घेऊन आली. टॅक्सीच्या धंद्यात ती पद्मिनीइतकी शिरली नाही, त्यामुळे तिच्या भागांचा बाजारही पसरला नाही.

टॅक्सीचा हा मुद्दा निवडीच्या मुळाशी आहे. कारखान्यांवर सरकारी परवान्यांचे बंधन असताना गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली गाडी मग तीस-तीस वर्षे चालवली जाई. नवा भाग मिळाला नाही तर जुना दुरुस्त व्हायचा, तोही जमला नाही तर लेथवर घडवला जायचा. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासून गुळगुळीत करणे, किंगपिनचे बुश ओतून घेणे ही कामे मुंबईच्या गल्लीबोळांत होऊ लागली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीने या विद्येला रोजचे गिऱ्हाईक पुरवले. हजारो पद्मिनी दिवसभर धावत, रोज काही ना काही बिघडे आणि रोज ते दुरुस्त होई. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकाने वाढली, ग्रँट रोड-ऑपेरा हाउसच्या भागात नव्या स्पेअरची पेठ वसली आणि चोर बाजाराच्या मटण गल्लीत बंद पडलेल्या आवृत्त्यांचे मोनोग्राम, घड्याळे, हँडल मिळू लागले. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार यांनी तीच गरज भागवली. राज्य सरकारने मुंबईतल्या टॅक्सीचे वय २०१३ पासून २० वर्षांवर आणले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. भंगारात गेलेल्या त्या टॅक्सींचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स मात्र बाजारातच राहिले. आज खासगी फियाट घडवणाऱ्यांच्या कामी येतात ते हेच भाग.

आता पनवेलकडे. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पूर्वी बोटीने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे गाडीरस्त्याने घाट चढे. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटात चाकांची वाहने चढतील असा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व वाढले. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. त्या काळात पनवेलचा नावाजलेला उद्योग होता बैलगाडीची चाके बनवण्याचा. घाटातल्या दगडधोंड्यांवर चाके झिजत, तुंबे फुटत, धावा निखळत आणि पनवेलचे सुतार-लोहार नवी चाके करून देत. लाकडी चाकाला तापवलेली लोखंडी धाव चढवून वरून पाणी ओतायचे, की धाव आकसून चाकाला घट्ट आवळते. गाड्या बदलल्या, पण चाकाच्या दुखण्यावर जगणारा गाव ही पनवेलची ओळख पुसली गेली नाही.

रोडपाली हे याच तालुक्यातले, कळंबोलीला लागून असलेले गाव. एका बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कळंबोलीचा पसारा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या. त्यांत इथली भातशेतीही गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईला पेटलेले आंदोलन, त्यात गोळीबारात गेलेले शेतकरी आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना हा या भागाचा जिव्हाळ्याचा इतिहास आहे. शेती गेलेल्या घरांपुढे वाहन हा एक रोजगार आला. कुणी ट्रक घेतला, कुणी डंपर, कुणी गाळा भाड्याने दिला.

दक्षिण मुंबईत बंदरालगत दाटीवाटीने चालणारा लोखंडाचा बाजार सिडकोने कळंबोलीत आणला. त्याच्यामागे ट्रक आले, ट्रकमागे ट्रक टर्मिनल आणि टर्मिनलमागे गॅरेजे. पुणे, गोवा, ठाणे आणि मुंबई या चारही दिशांचे रस्ते कळंबोलीच्या सर्कलला भेटतात. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही इथूनच सुटतो. त्यामुळे कमान पाटे बसवणारे, रेडिएटरवाले, डायनमो-सेल्फवाले, पंपवाले, वेल्डिंगचा टाका मारणारे, सीट शिवणारे, डेन्टिंग-पेंटिंगवाले असे सगळे कसब रोडपालीपासून हाकेच्या अंतरावर जमले. ही माणसे ट्रकवर शिकलेली आहेत. पत्रा कापून नवा जोडणे, चासीसची वाक काढणे यांत त्यांचा हात बसलेला. नाजूक क्रोमपट्टी किंवा कार्बोरेटरचे बारीक ट्यूनिंग यासाठी मात्र कुर्ला किंवा पुणे गाठावे लागते. रोडपालीतून गाडी घडवायची तर इथले हे बलस्थान आणि ही उणीव, दोन्ही धरून चालावे लागते.

निवड करताना लोक बहुतेक वेळा इंजिनाला कान लावतात. खरे तर आधी पत्रा पाहायला हवा. फियाट, अॅम्बॅसडर आणि कॉन्टेसा या तिन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासीस नाही. तळाचा पत्रा, दरवाजाखालचे रनिंग बोर्डाचे खोके आणि खांब मिळूनच गाडी उभी राहते. इथे पत्रा हीच हाडे. पनवेलला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाडीची खारी हवा बाराही महिने असते. उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची हाडे चार-पाच पावसाळ्यांत पोखरतात. इंजिन बिघडले तर उतरवून बोअर करता येते, नवे पिस्टन-रिंगा टाकता येतात, त्याचा खर्च आधी अंदाजता येतो. सडलेल्या तळाचा अंदाज मात्र तो कापल्यावरच येतो.

म्हणून जाणता माणूस खिशात लोहचुंबक ठेवतो, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळलेला. तो दरवाजाच्या खालच्या कडेवर, चाकाच्या कमानीवर, डिकीच्या कोपऱ्यात हळूहळू फिरवायचा. पत्रा असेल तिथे चुंबक टपकन चिकटतो. जिथे तो निसटतो, तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बोटाच्या पेराने ठोकले तर पत्रा खणकतो, लांबी थापल्यासारखा मंद आवाज देते. मग गाडीतला गालिचा उचलायचा, चालकाच्या टाचेखालचा तळ पाहायचा, स्टेपनीखालचे पाणी साचणारे भांडे पाहायचे. एवढे केले की विकणाऱ्याने न सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कळतात.

दुसरी तपासणी कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० झाले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चासीस आणि इंजिनाचे आकडे पुस्तकाशी जुळलेच पाहिजेत. पूर्वी इंजिन बदलून डिझेल बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची नोंद कागदावर झालेलीच नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. त्यात क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षे चालते. अट अशी, की मूळ सांगाडा, पत्र्याची घडण आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा आणि गाडी रोजच्या वापराला काढू नये. या हिशेबाने १९७४ ची पद्मिनी आज व्हिंटेज ठरते. पहिल्या कॉन्टेसाला २०३४ पर्यंत थांबावे लागेल. घरच्यांना रविवारी गाडी फिरवायची असेल तर चालू नोंदणी जपणे अधिक शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट भागांची, आणि कॉन्टेसाची गंमत इथे आहे. तिचे इसुझू इंजिन आणि गिअरबॉक्स अॅम्बॅसडरच्या १८०० आयएसझेड आवृत्तीतही होते आणि अॅम्बॅसडर २०१४ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे कॉन्टेसाचे पोट भरता येते. अडते ते अंगावरच्या दागिन्यांपाशी. पुढची काच, जाळी, दिवे, दरवाज्यांची रबरे, डॅशबोर्डाचे प्लॅस्टिक या गोष्टी दुसऱ्या कुठल्याच गाडीला लागत नव्हत्या, म्हणून त्या फार उरल्या नाहीत. तेव्हा कॉन्टेसा घ्यायची तर चालू इंजिनाची पण अर्धवट उघडलेली घेऊ नये. बंद इंजिनाची पण काचेपासून मोनोग्रामपर्यंत पूर्ण असलेली घ्यावी. पद्मिनीचे नेमके उलटे आहे. तिचे अंगावरचे सगळे मिळते, म्हणून तिथे निवडायचा तो निरोगी पत्रा. तिसरा पर्याय जीपचा. महिंद्राने १९४९ मध्ये माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून तिचे मिस्त्री गावोगावी आहेत. वेगळी चासीस, सपाट पत्रे आणि मोजकी वायरिंग, त्यामुळे शिकाऊ हातांना ती सर्वांत सोपी. पण लांब बॉनेटचे स्वप्न पाहणाऱ्या घराचे समाधान जीपने होत नाही आणि हे मान्य करून पुढे जावे हे बरे. ज्या घरात या कामाचा अनुभव नाही, त्याने पहिली गाडी पद्मिनी घ्यावी आणि कॉन्टेसा दुसरी. पहिल्याच गाडीत हात पोळला तर सांगाडा वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहतो, आणि असे सांगाडे या टापूत कमी नाहीत.

काम घरातच वाटले जाते. रोडपालीच्या गावठाणात अंगण किंवा पत्र्याची शेड असते. सिडकोच्या सेक्टरमधल्या इमारतींत राहणाऱ्यांना पार्किंगच्या एका पट्टीत एवढे मांडता येत नाही, म्हणून नातेवाइकांचे अंगण किंवा भाड्याचा गाळा शोधावा लागतो. गाडी उकलताना प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी, आधी फोटो, हे काम मुले चोख करतात. सीटचे कापड, छताचे अस्तर, बीडिंग यांवर घरातल्या बायकांची नजर अधिक सराईत ठरते. आजोबांना फियाटचा स्टिअरिंगवरचा गिअर आठवत असतो, पहिला कुठे आणि रिव्हर्स कुठे. सर्वांत मोठे आणि कंटाळवाणे काम घासण्याचे. वॉटर पेपर पाण्यात बुडवून दरवाजा घासू लागले, की रंगांचे थर एकेक करून बाहेर येतात. वर पांढरा, त्याखाली मरून, त्याखाली मळकट निळा आणि तळाशी प्रायमरचा लालसर पट्टा, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखा. कुणा मालकाने लग्नात रंगवून घेतली असेल, कुणी अपघातानंतर. या पायरीवर बहुतेक घरे नवा रंग ठरवतात, आणि कारखान्याचा मूळ रंग तळाशी सापडला असेल तर तोच परत द्यावा हे उत्तम.

जुन्या गाडीला नवे पेट्रोल सोसवत नाही, याचीही तजवीज करावी लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्रास मिळते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपातला पडदा त्याने फुगतो, चिरतो. घडणीच्या वेळीच इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा टाकला, की बॉनेटखाली पेट्रोल ठिबकण्याचा धोका टळतो.

गाडी उभी राहते ती शक्यतो खंडेनवमी-दसऱ्याच्या सुमारास. कळंबोलीच्या गॅरेजांत त्या दिवशी पाने, जॅक, टाक्याची मशीन यांची पूजा होते, ट्रकांना झेंडूचे तोरण चढते. त्या रांगेत एक जुनी फियाट उभी असली तर फुलांचा पहिला हार तिच्या जाळीला जातो.

बोअर केलेले इंजिन पहिले हजारभर किलोमीटर हळू चालवायचे असते. पूर्वी अशा गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पट्टी लावत, म्हणजे मागचा हॉर्न वाजवून पिच्छा पुरवत नसे. द्रुतगती मार्ग यासाठी कामाचा नाही. कळंबोलीहून पळस्पे फाटा आणि तिथून कर्नाळ्याकडे जाणारा रस्ता त्या मानाने योग्य. किलोमीटर भरले, तेल बदलले, हेडचे नट पुन्हा आवळले, की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट. खोपोली सोडल्यावर दुसऱ्या गिअरवर गाडी चढत राहते आणि सगळ्यांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी लोककथा आहे आणि ट्रकवाले इथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. जुन्या गाड्या पूर्वी याच चढावर थांबत, बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजत. नव्याने घडवलेली गाडीही इथे थांबवतात. इंजिन निवेपर्यंत मुले खाली वाकून कुठे तेलाचा थेंब पडतोय का ते पाहतात, मोठी माणसे देवळापाशी नाणे टाकून येतात, आणि काटा खाली आला की गाडी खंडाळ्याकडे निघते.